खांदे खाली

अरबीत प नाही,
म्हणून माझ्या बिल्ल्यावर बरवेझ बरकार.
बाणकोटला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप हसली,
मग म्हणाली, पगाराचा तरी बगार करत नाहीत ना?

शुवैखच्या तपासणी केंद्रात, शिशाच्या दारामागे
मी दिवसाला तीनशे छात्या बघतो.
आधी स्टीलच्या ताटलीत सगळं काढून ठेवायचं:
तावीज, क्रूस, करगोट्यातली किल्ली.
एकाने दातांतली काडीसुद्धा ठेवली होती, अदबीने.
मग गार पत्र्याला छाती, हनुवटी वर,
आणि काचेमागून मी म्हणतो
सास रोक्नुस्, ऊपिरि बिगबट्टंडि, शाश बोंधो कोरून.
सहा भाषांत मला एवढंच येतं.
माणसाचा श्वास घेतो
आणि एका बटणानंतर परत देतो.

जलीबच्या खोलीत एका गादीवर दोघं, दिवसपाळी, रात्रपाळी;
उशी कधी गार होत नाही.
ते फोटोत दिसत नाही, पण मला दिसतं.
ओला फडका बांधला तरी दातांत कचकचणारा
ऑगस्टातला तोज दिसतो.

त्या मंगळवारी टोकन दोनशे चौदा.
पासपोर्टवर नुरुल हाकीम, जन्मस्थळ कॉक्स बाजार.
मी मोडक्या बंगालीत गाव विचारलं.
गावाच्या नावाआधी तो इतका थांबला
की कळलं, नाव पाठ केलेलं आहे.
नदीपलीकडचा.
एका देशाने त्याला कुठेच लिहिलं नाही,
दुसऱ्याने लिहिलं, पैसे घेऊन.

पडद्यावर, उजव्या वरच्या कोपऱ्यात
जोंधळ्याएवढा पांढरा दाणा.
जुना वण, कधीच भरून आलेला.
बाराव्या वर्षी, ताडपत्रीच्या झोपडीत
एक बाई सहा महिने रोज सकाळी यायची,
गोळ्या गिळेपर्यंत उठायची नाही,
आ करायला लावून जिभेखाली बघायची.
हे त्याने अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं.
शेवटी दोन्ही तळवे उघडून दाखवले: संपलं.
पण इथे वणाला आणि जखमेला शिक्का एकच.
वरून डॉक्टरांची चिठ्ठी आली, पुन्हा काढा.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी कुणाला शिकवत नाही.
खांदे जरा चढलेले राहिले
तर गळपट्टीचं हाड वर सरकतं
आणि त्याच्या सावलीत एवढासा दाणा सहज झोपतो.

नव्वदच्या ऑगस्टात अब्बा याच शहरातून निघाले होते.
ट्रकमधून वाळवंट, मग अम्मानबाहेर तंबूत एकवीस दिवस,
डब्याच्या झाकणाने मोजलेलं पाणी.
पण त्यांच्यामागे बाणकोट होतं, खाडी होती,
तरीवर पैसे न घेणारा एक ओळखीचा होता.
परत पाठवायला आधी एक परत लागतं.
अरबीत नुसता प नाही,
नुरुलकडे तो अख्खा शब्दच नाही.

मी आत गेलो. त्याच्या खांद्यांवर हात ठेवले.
घाम गार, हाडं गरम.
माझ्या बायकोचा व्हिसा, मुलीची शाळा,
छताच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल ठिपका.
मी खांदे खाली दाबले,
जसं शिकवलंय तसं.

बाहेर येऊन बटण दाबलं.
फोटो इतका स्वच्छ आला
की अभ्यासक्रमाच्या पुस्तकात लावावा.
मी बघत राहिलो. किती वेळ, माहीत नाही.
पुढच्या टोकनने दार वाजवलं
तेव्हा काचेपलीकडे लक्ष गेलं.
हनुवटी वर, छाती पत्र्याला,
तो अजून श्वास रोखून उभा होता.
मी सोडा म्हटलंच नव्हतं.